लैंगिक व्यसन, चर्च आणि ‘माझी तयारी आहे’: ख्रिस्ती रिकव्हरी म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतलं एखादं चर्च. आठवड्यातली एखादी संध्याकाळ. मागच्या खोलीत आठ-दहा पुरुष खुर्च्या गोल मांडून बसलेत. प्रत्येक जण फक्त पहिलं नाव सांगतो, आपण येशूवर विश्वास ठेवतो असं म्हणतो आणि मग आपली अडचण सांगतो. पॉर्न. वेश्यागमन. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत अनोळखी बायकांशी चॅटिंग. बाकीचे ऐकून घेतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘अरे, असं कसं केलंस?’ असंही विचारत नाही.

अशा गटात नवीन आलेल्या माणसाला पहिल्यांदा जे ऐकायला मिळतं ते ऐकून तो चक्रावतो. ‘मनावर ताबा ठेव’ असं त्याला कुणी सांगत नाही. उलट ताबा ठेवण्याची तुझी ताकद संपली आहे, हे आधी मान्य कर, असं सांगतात. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: सुटायची तुझी तयारी आहे का?

आता ताकदच नसेल तर तयारी कुठून आणायची? ख्रिस्ती रिकव्हरीचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. तो कसा उभा राहिला, कुणाच्या कामी येतो आणि कुणावर कोसळतो, ते बघूया.

आधी हे ‘व्यसन’ आहे का?

यावर डॉक्टरांचं एकमत नाही. ‘सेक्स अ‍ॅडिक्शन’ हा शब्द घराघरात पोहोचवला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कार्न्स यांच्या १९८३ च्या पुस्तकाने. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपली आजारांची यादी, म्हणजे डीएसएम-५, काढली तेव्हा त्यात हा आजार घेतला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मधला रस्ता काढला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ‘कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हिअर डिसऑर्डर’ आहे. मात्र तो दारू, ड्रग्ज किंवा जुगाराच्या शेजारी ठेवलेला नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या आजारांमध्ये ठेवला आहे. लक्षणं साधारण अशी: सहा महिने किंवा जास्त काळ लैंगिक ओढ आवरता येत नाही, तब्येत, काम, घर यांकडे दुर्लक्ष होतं, थांबायचे प्रयत्न फसतात, नुकसान दिसत असूनही किंवा आनंद मिळत नसतानाही वागणं तसंच चालू राहतं.

त्यातच एक ओळ आहे जी चर्चच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. माणसाला होणारा त्रास निव्वळ ‘हे पाप आहे, हे वाईट आहे’ या नैतिक टोचणीमुळे होत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करता येत नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोळाशे वर्षांपूर्वीची एक बाग

ख्रिस्ती परंपरेत ‘मला सुटायचंय पण सुटायचं नाहीये’ या अवस्थेचं सगळ्यात प्रसिद्ध वर्णन संत ऑगस्टीनचं. उत्तर आफ्रिकेतला हा हुशार शिक्षक पंधराएक वर्षं एका बाईबरोबर लग्नाशिवाय राहिला, त्यांना मुलगाही झाला. मग चांगल्या घरातल्या मुलीशी लग्न ठरलं म्हणून त्या बाईला परत पाठवलं. होणारी बायको लग्नाच्या वयाची व्हायला दोन वर्षं होती, तेवढंही थांबवेना म्हणून मध्येच तिसरीला घरात आणलं. त्याने आपल्या आत्मचरित्रात हे सगळं लिहून ठेवलंय. तरुणपणी आपण देवाकडे ब्रह्मचर्य मागायचो, पण ते इतक्यात देऊ नकोस अशी पुस्तीही जोडायचो, अशी कबुलीसुद्धा त्यात आहे. (ज्या बाईने पंधरा वर्षं त्याच्यासोबत काढली तिचं नाव मात्र त्यात कुठेही नाही. हे वाचताना मला दर वेळी खटकतं.)

इ.स. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत तो या ओढाताणीत रडत बसला होता. त्याचं निरीक्षण असं, की हाताला ‘हल’ म्हटलं की हात हलतो, पण मनाला ‘ठरव’ म्हटलं तर मनच ऐकत नाही. कारण आज्ञा देणारं मन पूर्ण मनाने आज्ञा देतच नाही. अर्धं मन दुसरीकडे असतं. त्याच बागेत त्याने संत पौलाचं एक पत्र उघडून वाचलं, निर्णय झाला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला.

पुढे यावरून मोठा वाद पेटला. पेलागियस नावाच्या धर्मोपदेशकाचं म्हणणं होतं की देवाने आज्ञा दिल्या आहेत म्हणजे त्या पाळायची कुवतही माणसात आहे, कारणं सांगू नका. ऑगस्टीन म्हणाला, कृपेशिवाय माणसाची इच्छासुद्धा धड उभी राहत नाही. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मतं फेटाळली. आजच्या रिकव्हरी गटात ‘माझ्या एकट्याच्याने होणार नाही’ हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं, त्याच्या मुळाशी हा जुना निकाल आहे.

दारूवाल्यांनी शोधलेली किल्ली

बागेतून थेट गटात मात्र कुणी आलं नाही. मधला टप्पा दारूचा आहे. १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूत बुडालेले, दोघांचाही संबंध ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी आलेला. चुकांची कबुली, झालेल्या नुकसानीची भरपाई आणि देवाला शरण जाणं हे त्या चळवळीचे पाठ. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, जन्माला आलं आणि १९३९ च्या पुस्तकात त्यांच्या बारा पायऱ्या छापून आल्या.

या पायऱ्यांमध्ये तयारी कुठे कुठे येते ते बघण्यासारखं आहे. तिसऱ्या पायरीत आपली इच्छा आणि आयुष्य देवाच्या हाती सोपवायचा निर्णय आहे. सहाव्या पायरीत काहीच ‘करायचं’ नाही. आपले दोष देवाने काढून टाकावेत यासाठी पूर्ण तयार व्हायचं, एवढंच. आठवीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि भरपाईला राजी व्हायचं. प्रत्यक्ष भरपाई नवव्या पायरीवर. म्हणजे तयार होणं हेच स्वतंत्र काम मानलंय, कृतीच्या आधीचं. १९५३ मध्ये बिल विल्सनने या पायऱ्यांचं विवेचन लिहिलं, त्यात त्याने तयारीला बंद दाराची एकमेव किल्ली म्हटलं.

इथे मला भाषेची एक गंमत सांगायची आहे. इंग्रजीतल्या ‘विलिंगनेस’ला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच वेळ अडलो होतो. ‘इच्छाशक्ती’ सरळच चुकीचं, कारण तिची तर हार झालेली आहे. ‘इच्छा’ फार ढिली, इच्छा काय, कुणालाही असते. शेवटी ‘तयारी’ आली. आपण ‘माझी तयारी आहे’ म्हणतो तेव्हा राजी आहे असा अर्थ होतो आणि ‘लग्नाची तयारी’ म्हणतो तेव्हा मांडवापासून वाजंत्रीपर्यंतची कामं डोळ्यांपुढे येतात. रिकव्हरीत नेमके हे दोन्ही अर्थ लागतात.

चर्चने हा मार्ग आपला कसा केला?

एएच्या धर्तीवर लैंगिक वर्तनासाठीचे गट सत्तरच्या दशकात निघाले. १९७६ मध्ये बॉस्टनला सेक्स अँड लव्ह अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमस, १९७७ मध्ये मिनियापोलिसला सेक्स अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमस, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात सेक्सहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस. हे अधिकृतपणे कुठल्याही धर्माचे नाहीत. त्यांच्यात ‘देव’ म्हणजे ज्याला जो समजेल तो.

यांच्यात फरकही आहेत. सेक्सहॉलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये संयमाची व्याख्या सगळ्यांना एकच: जोडीदाराखेरीज कुणाशीही संबंध नाही आणि हस्तमैथुनही नाही. जोडीदार म्हणजे स्त्री-पुरुष विवाहातलाच. सेक्स अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमसमध्ये माणूस आपल्या स्पॉन्सरबरोबर, म्हणजे आधी या वाटेने गेलेल्या जुन्या सदस्याबरोबर, बसून तीन वर्तुळं आखतो. आतल्या वर्तुळात काय अजिबात करायचं नाही ते, मधल्यात धोक्याच्या गोष्टी, बाहेरच्यात निरोगी गोष्टी.

ख्रिस्ती चर्चमध्ये हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर आणलं ते ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ने. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे सदस्य जॉन बेकर स्वतः दारूतून बाहेर आलेले. एएमध्ये येशूबद्दल मोकळं बोलता येत नाही आणि चर्चमध्ये दारूबद्दल, अशी त्यांची कोंडी. त्यांनी पास्टर रिक वॉरन यांना १३ पानी पत्र लिहिलं आणि १९९१ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. इथे देवाचं नाव मोघम ठेवलेलं नाही, थेट येशू ख्रिस्त. बारा पायऱ्यांसोबत आठ तत्त्वं आहेत, ती मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनावर बेतलेली. त्यातल्या पाचव्या तत्त्वात देवाला जे बदल करायचे आहेत त्यांना स्वेच्छेने स्वतःला सोपवायचं आहे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. स्त्रिया आणि पुरुषांचे गट वेगळे बसतात. आणि नियम असा की आपण एकमेकांना आधार द्यायला जमलोय, दुरुस्त करायला नाही.

तयारी दिसते कशी?

फार साध्या, कधी कधी लाजिरवाण्या गोष्टींत दिसते. स्मार्टफोन बेडरूमबाहेर ठेवणं. लॅपटॉपची स्क्रीन दाराकडे वळवणं. ब्राउझिंगची माहिती मित्राकडे पाठवणारं सॉफ्टवेअर टाकणं. २००० साली मिशिगनमध्ये सुरू झालेली ‘कव्हनंट आइज’ ही कंपनी याच कल्पनेवर उभी आहे: तुमच्या स्क्रीनचा अहवाल तुम्ही निवडलेल्या ‘साथीदारा’कडे जातो. ओढ लागली की ती ओसरल्यावर नव्हे, लागलेली असतानाच स्पॉन्सरला फोन करणं. चौथ्या पायरीत आपल्या वागण्याचा लेखी हिशोब मांडणं आणि पाचवीत तो दुसऱ्या माणसासमोर वाचून दाखवणं. पुष्कळ जण गळतात ते इथेच, कारण ‘देवा, मला माफ कर’ अंधारात म्हणता येतं, हे मात्र उजेडात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगावं लागतं.

एक पळवाट जुने सदस्य लगेच ओळखतात. माणूस म्हणतो, ‘मी काहीही करायला तयार आहे’, पण एक जुना नंबर मात्र डिलीट करत नाही. किंवा एक छुपं अकाउंट ठेवतो, ‘वापरणार नाहीये, असू दे’. तयारीचा खरा आकार त्या एका नंबरात कळतो.

योहानाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला विचारतो, की तुला बरं व्हायचंय का. असा प्रश्न कुणी विचारतं का आजाऱ्याला? पण गटांमध्ये हा प्रसंग वारंवार काढला जातो. तो माणूस ‘हो’ म्हणत नाही, आपल्याला पाण्यापर्यंत न्यायला कुणी नाही अशी तक्रार करतो. तरी बरा होतो. मला यातला हाच भाग दिलासा देणारा वाटतो. नीट उत्तर न देता आल्यामुळे त्याला परत पाठवलेलं नाही.

‘बायकोने पाठवलं म्हणून आलोय’

बहुतेकांची सुरुवात पकडले गेल्यावरच होते. बायकोने फोन बघितला, ऑफिसच्या आयटीवाल्यांनी पकडलं, पास्टरने पदावरून बाजूला केलं. अशा भीतीपोटी आलेल्या तयारीला काही किंमत आहे का?

कॅथलिक चर्चने यावर फार पूर्वी विचार केलाय. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत पश्चात्तापाचे दोन प्रकार मांडले गेले: देवावरच्या प्रेमातून आलेला पूर्ण पश्चात्ताप आणि शिक्षेच्या भीतीतून किंवा पापाच्या किळसेतून आलेला अपूर्ण पश्चात्ताप. दुसरा अपुरा, पण खोटा नव्हे. त्याने माणूस पापनिवेदनापर्यंत पोहोचू शकतो. रिकव्हरी गटांत हेच वेगळ्या शब्दांत ऐकू येतं: तयारी नसेल, तर निदान तयार होण्याची तयारी आहे का?

गंमत म्हणजे मानसशास्त्रही साधारण तिथेच पोहोचलं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाचे टप्पे मांडले. आपल्याला काही अडचण आहे हेच न मानणं, मग दोलायमान असणं, मग तयारी, मग कृती, मग ते टिकवणं. माणूस या टप्प्यांत पुढे-मागे होत राहतो. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ पद्धतीचा आधार हाच, की माणसाला कोपऱ्यात घेऊन झापलं तर तो आपल्या सवयीचीच बाजू मांडायला लागतो, आणि बदलाची कारणं त्याच्याच तोंडून आली तर त्यांना वजन येतं. बायकोने पाठवलेला माणूस बसू दे खुर्चीत. सहा महिन्यांनी तो कुणासाठी येतोय ते बघा.

‘तुझीच तयारी नव्हती’: या मार्गाचा धोका

आता कोसळण्याबद्दल. सगळं तयारीवर ठेवलं की अपयशाचं उत्तरही तयारच असतं. सुटलास? देवाची कृपा. घसरलास? तुझी तयारी कमी पडली. या हिशोबात पद्धत कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूसच. नैराश्य असेल, लहानपणी अत्याचार झालेला असेल, ओसीडी असेल, आणि त्यावर डॉक्टरांऐवजी फक्त ‘आणखी शरण जा’ हे उत्तर मिळत राहिलं, तर माणूस दर वेळी जास्त खचतो.

सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ इथे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की धार्मिकता आणि पॉर्नला असलेला नैतिक विरोध यांचा ‘मी व्यसनी आहे’ या स्वतःबद्दलच्या समजुतीशी ठळक संबंध आहे. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल पेरी यांनी २०१९ च्या पुस्तकात मांडलं, की परंपरावादी प्रोटेस्टंट इतरांपेक्षा जास्त पॉर्न बघतात असं नाही, पण त्याचा त्रास त्यांना जास्त होतो. म्हणजे महिन्यातून एकदा पॉर्न बघून स्वतःला व्यसनी समजणारा तरुण आणि कर्ज काढून वेश्यागमन करणारा माणूस एकाच गोलात बसतात आणि दोघांना औषध एकच.

याचं टोक १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा भागात दिसलं. २१ वर्षांच्या तरुणाने मसाज स्पांमध्ये गोळीबार करून आठ जणांना मारलं, त्यात सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आपल्याला लैंगिक व्यसन आहे आणि हा ‘मोह’ आपण संपवत होतो, असं त्याने पोलिसांना सांगितलं. तो चर्चमध्ये वाढलेला होता आणि एका ख्रिस्ती उपचार केंद्रात राहून आला होता. उपचारांमुळे खून झाले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण स्वतःच्या ओढीचं खापर बाईवर फोडायची सवय कुठून येते, यावर त्यानंतर अमेरिकन चर्चमध्ये बरीच चर्चा झाली. २००० साली आलेलं ‘एव्हरी मॅन्स बॅटल’ हे पुरुषांसाठीचं गाजलेलं पुस्तकही, बाई म्हणजे धोका अशी मांडणी करतं म्हणून टीकेचं धनी झालं.

आणखी एक हिशोब मांडायलाच हवा. समलैंगिक व्यक्तींनाही चर्चमध्ये वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं, की तयारी असेल तर बदलशील. एक्झोडस इंटरनॅशनल ही ‘समलैंगिकता सोडवणारी’ संस्था १९७६ पासून हे काम करत होती. २०१३ मध्ये तिच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली. तिथे येणाऱ्यांची तयारी कमी नव्हती, अनेकांनी आयुष्याची वर्षं दिली. लैंगिक कल हा आजार नसल्यामुळे त्यातून ‘सुटायचं’ असं काही नव्हतंच. भारतातही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘कन्व्हर्जन थेरपी’ला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

आणि बायकोची तयारी?

नवरा रडला, कबुली दिली, गटात जायला लागला. आता तूही माफ करायला तयार हो, असा दबाव बायकोवर येतो. कधी नवऱ्याकडून, कधी सासूकडून, कधी पास्टरकडून. पण तयारी स्वतःचीच देता येते, दुसऱ्याची मागता येत नाही, हे या मार्गाचंच तत्त्व आहे. नवव्या पायरीतही, भरपाई करताना समोरच्याला किंवा इतरांना आणखी इजा होणार असेल तर थांबा, असा अपवाद स्पष्ट आहे. जोडीदारांचे वेगळे गट आहेत, आणि विश्वास परत यायला किती वेळ लागेल हे ठरवायचा हक्क फसवणूक झालेल्याचा.

आणि गुन्हा हा गुन्हाच. जबरदस्ती, लपून चित्रीकरण किंवा लहान मुलांशी संबंधित काहीही असेल तर ‘तो रिकव्हरीत आहे’ हे उत्तर चालत नाही. भारतात पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लहान मुलांवरच्या अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवायचं बंधन आहे. पास्टर किंवा फादरही ‘प्रत्येक’मध्ये येतात.

आपल्याकडे काय?

दारूसाठी शपथ घेणं किंवा माळ घालून माळकरी होणं आपल्याला नवीन नाही. चारचौघांत गळ्यात माळ दिसली की लोक पेला पुढे करत नाहीत, अर्धं काम तिथेच होतं. एएचे गट भारतात १९५७ पासून आहेत. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. पण हे सगळं दारू आणि ड्रग्जसाठी. लैंगिक बाबतीत माळ घालून चारचौघांत सांगता येईल असं काही आपल्याकडे नाही, त्यामुळे मराठी मुलगा ‘नोफॅप’चे व्हिडिओ बघत एकटाच दिवस मोजत बसतो आणि दिवस मोडला की कुणालाच सांगत नाही.

तुम्ही त्या जागी असाल तर पहिला फोन मानसोपचारतज्ज्ञांना करणं बरं, म्हणजे आजार आहे की फक्त अपराधीपणा, हे आधी कळेल. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नाव सांगायची मनाची तयारी नसेल, तर ‘मला एका सवयीबद्दल बोलायचंय’ एवढ्यावरही सुरुवात होते.